दोस्तीतला लोगो : कामाच्या नोंदी

३१ मार्च

काल पाडवा म्हणून काम बंद होतं, आज सकाळी पहिलाच फोन दोस्ताचा. ये ठेल्यावर, पोहे खाऊ, एक काम आहे. शाळेपासूनचा दोस्त आहे, बाबा दवाखान्यात होते तेव्हा सहा रात्री माझ्यासोबत बाकड्यावर बसलेला माणूस, त्यामुळे त्यानं बोलावलं की मी जातोच. तर्री पोहे खाता खाता सांगितलं की वहिनी यंदा कुरोड्या, मुंगवड्या, सरगुंडे असं उन्हाळी वाळवण पॅक करून विकणार आहे, नाव ठरलं, आता फक्त लोगो पाहिजे. "नाव तर लिहायचं आहे बे फक्त, तुला काय, अर्धा तास लागते." पैशाचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. हो म्हणून आलो.

घरी येऊन मागच्या वर्षीचे फोल्डर उघडून बसलो. दोस्तांसाठी केलेली कामं वेगळी काढली आणि फाईलींच्या तारखा आणि वेळा बघून अंदाजे तास मांडले. जिमचा लोगो १४, क्रिकेट टीमचे टी-शर्ट ९, एक लग्नपत्रिका ११, कोचिंग क्लासचे बॅनर आणि पॅम्प्लेट २२. झाले ५६ तास. पैसे घेऊन केलेला एक लोगो माझ्याकडे २५-३० तासांत होतो आणि त्याचे मी १२,००० घेतो, म्हणजे दोन लोगोंचं काम मी एका वर्षात नुसतं हो म्हणून देऊन टाकलं. आजपर्यंत हे कधी मोजलंच नव्हतं म्हणून कळलंही नव्हतं. या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवतो, पैशाच्या कामाची ठेवतो तशीच, तासासकट.

वहिनीच्या ब्रँडचं नाव इथे लिहीत नाही. तीन अक्षरं आहेत, मधलं अक्षर ल.

२ एप्रिल

नागपुरातच नंदनवनला त्यांच्या घरी गेलो. दोस्त म्हणत होता फोनवरच सांगतो नं सगळं, पण वस्तू न बघता मी लोगो करत नाही. बरं झालं गेलो ते.

गच्चीवर कुरोड्या घालणं सुरू होतं. सकाळचे साडेसात, ऊन अजून सोसण्यासारखं. वहिनी आणि त्यांच्या सासूबाई, खाली प्लास्टिकवर जुनं धुतलेलं पातळ अंथरलेलं. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून, चीक खाली बसू द्यायचा, वरचं पाणी काढून टाकायचं, तो चीक हिंग मीठ घालून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, थंड झाला की दाबताना हात भरून येतात आणि तार तुटते. वहिनीच्या उजव्या तळव्यावर सोऱ्याच्या मुठीचा वळ उमटलेला होता, लाल, आडवा. मला म्हणाल्या, "भाऊजी, दोन दिवस कडक ऊन पडलं की पांढरीशुभ्र वाळते, आभाळ आलं की पिवळी पडते, मग ती विकत नाही, घरी खातो."

माझे प्रश्न विचारले. लोगो कुठे कुठे लागणार? पाव किलो आणि अर्धा किलोच्या पाऊचवर गोल स्टिकर, ५ सेंटिमीटरचं. बिलबुकावर एका रंगात. कधी स्टॉल लागला तर बॅनर. कोण विकत घेणार? वहिनी म्हणाल्या पुण्या-मुंबईत राहणाऱ्या इकडच्या पोरी, ज्यांच्याकडे गच्ची नाही. हे वाक्य लिहून घेतलं, पूर्ण कामात हेच सगळ्यात कामाचं वाक्य आहे. दोस्त मधे मधे सांगत होता संत्रा टाक, नागपूर आहे म्हटल्यावर संत्रा पाहिजेच. संत्र्याचा माल नाही तर संत्रा कशाला, आपल्या संत्र्याला २०१४ पासून जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची सरकारी नोंद, आहे ते बरोबर, पण ते संत्र्याला आहे, कुरोडीला नाही. पाऊचवर संत्रा दिसला की लोक संत्रा बर्फी समजतील. तेव्हा तो हसला, मला वाटलं पटलं.

तास : अडीच.

४ ते ६ एप्रिल

तीन दिवस मिळून ९ तास, बहुतेक रात्री, दिवसा डेंटल क्लिनिकचं काम सुरू आहे, ते पैशाचं.

वहीत ४० च्या वर स्केचेस झाले. सुरुवातीला गहू काढला, ओंबी काढली, सोऱ्या काढला, ते सगळं कुठल्याही पिठाच्या गिरणीला चालेल असं दिसत होतं. मग वरून बघितलेली कुरोडी काढली, गोल घरटं, तारांवर तारा. वहीत छान दिसते, पण स्टिकरवर मधली जागा जेमतेम दीड सेंटिमीटर, तेवढ्यात नऊ तारा बसवल्या की छापताना शाई पसरून मधल्या फटी बुजतात आणि डाग दिसतो. सात केल्या, पाच केल्या. पाच बऱ्या वाटतात.

खरा वेळ गेला तो ल मध्ये. हे जरा सविस्तर लिहून ठेवतो कारण अर्धा तास लागते म्हणणाऱ्याला हे दिसत नाही आणि मी आजपर्यंत कोणाला दाखवलंही नाही. कॉम्प्युटरवर बऱ्याच फॉन्टमध्ये सरळ टाइप केलं की हिंदीचा ल येतो, उजवीकडे सरळ उभी दांडी असलेला. आपला ल पाकळीचा, दोन्हीकडे गोलाई असलेला. फॉन्टच्या आत मराठीचा ल पुष्कळदा असतो, पण भाषा मराठी निवडावी लागते तेव्हा तो बाहेर येतो, आणि फ्लेक्सवाल्याच्या दुकानात ते कोणी करत नाही, म्हणून शहरभर पाट्यांवर दांडीचा ल दिसतो. सरकारनंसुद्धा २०२२ च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श असंच सांगितलं आहे. आणि ज्या पोरी पुण्यात बसून माहेरची कुरोडी मागवणार त्यांना पाटीवर शाळेतला ल दिसला पाहिजे, फळ्यावरचा. तर मी कुठलाच फॉन्ट न घेता तीनही अक्षरं हातानं काढली, ब्रशनं, मग स्कॅन करून एकेक वळण कॉम्प्युटरवर पुन्हा ओढलं. फक्त ल चे २३ प्रकार झाले. पाकळी जास्त फुगली तर अक्षर लोळते, कमी केली तर चिमटल्यासारखी दिसते.

बिलबुकाच्या बारीक मजकुरासाठी 'मुक्ता' फॉन्ट घेतला. तो मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या लोकांनी केलेला, कोणालाही वापरता येतो, धंद्यासाठी पण. मोफत आहे, पण त्यांनी तो स्वतः ठरवून मोफत दिला आणि लायसन्स लिहून दिलं, काय करायचं काय नाही, एवढं की नुसता फॉन्ट उचलून विकता येत नाही. त्या लायसन्सचा विचार डोक्यात राहिला.

९ एप्रिल

दोन पर्याय पाठवले, पीडीएफमध्ये, स्टिकरवर कसा दिसेल, पाऊचवर कसा दिसेल, एका रंगात कसा दिसेल सगळं लावून. सोबत चार ओळी, का असा केला.

दोस्तानं स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत १७ जणांची मतं माझ्याकडे आली, एकेक फॉरवर्ड करून. मावसा म्हणतात कलश पाहिजे. जावई म्हणतात इंग्रजीत नाव मोठं करा. कोणी म्हणतं सोनेरी करा, थ्रीडी करा. साळ्यानं मोबाईलच्या अ‍ॅपवर दहा मिनिटांत एक करून टाकला, त्यात एका बाईची बाहुली, तिच्या हातात ताट, आणि खाली दोस्ताचा मेसेज, "हा पण बघ बे, मस्त आहे नं?" ती बाहुली मी दोन वेगळ्या मसाल्यांच्या पाकिटांवर आधीच पाहिली आहे.

वहिनींचं मत आलं नाही. विचारलं तर म्हणे तिला काय कळते त्यातलं, तू मला विचार.

पॉल रँड या अमेरिकन डिझायनरनं १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीचा लोगो केला, १ लाख डॉलर घेतले आणि एकच डिझाईन दिलं, पर्याय दिलेच नाहीत. कॉलेजमध्ये असताना मला हा माज वाटायचा. आता वाटते की तो माणूस समोरच्याला सांगत होता की निवडायचं काम पण माझंच आहे, त्याचेच पैसे घेतो. जिथे पैसे नाहीत तिथे निवडायचं काम ग्रुपवरच्या १७ जणांकडे जाते.

तास : २, उत्तरं देण्यात.

१२ ते १४ एप्रिल

रात्री ११:४० ला मेसेज, "एक छोटासा चेंज." तो छोटासा चेंज असा की रंग केशरी करायचा, एकदम भडक, शेजारी संत्रा टाकून बघायचा, वर कलश, खाली इंग्रजीत नाव, आणि कुरोडीच्या तारा वाढवायच्या. पहिल्या दिवशी केलं. दुसऱ्या दिवशी म्हणे कलश नको, बाकी ठेव. तिसऱ्या दिवशी म्हणे पहिलावाला दाखव नं परत.

पैसे घेतो त्या कामात मी दोन वेळा बदल करून देतो, तिसऱ्या वेळेचे वेगळे पैसे, कोटेशनमध्येच लिहिलेलं असते, आणि गंमत नाही, खरंच सांगतो, त्या एका ओळीमुळे समोरचा माणूस घरी बसून नीट विचार करतो आणि सगळे बदल एकदाच लिहून पाठवतो. इथे ती ओळच नाही. फुकटच्या कामाला शेवट कुठे आहे हे कोणीच ठरवलेलं नसते. मी नाही म्हणू शकत नाही कारण दोस्ती, आणि तो पुरे म्हणत नाही कारण त्याचं काही जात नाही. तो वाईट माणूस नाही, हे मी स्वतःला बजावून सांगतो आहे. त्याच्या जागी मी असतो आणि मला कोणी पुरे कधी म्हणायचं ते सांगितलंच नसतं तर मीही मागत राहिलो असतो.

तास : ६. या ६ तासांमुळे डेंटल क्लिनिकचं काम दोन दिवस मागे पडलं. त्यांचा आज सकाळी फोन आला, चिडले नाहीत, पण आवाज बदललेला होता. ते पूर्ण पैसे देणारे लोक आहेत, त्यांचा काही दोष नसताना त्यांना थांबावं लागलं. आतापर्यंतच्या सगळ्यात हे मला जास्त लागलं.

१६ एप्रिल

आज दोस्तानं एक फॉरवर्ड पाठवला, नायकेचा लोगो फक्त ३५ डॉलरमध्ये झाला होता. खाली अंगठा. त्याला वाटलं मला बरं वाटेल.

मी उत्तर दिलं नाही, इथे लिहितो. कॅरोलिन डेव्हिडसन पोर्टलंडला डिझाईन शिकत होती, १९७१ ची गोष्ट, नायके काढणारा फिल नाइट तिच्या कॉलेजात शिकवायचा, त्यानं तिला तासाला २ डॉलरनं काम दिलं. तिनं बिल केलं, ३५ डॉलरचं, आणि त्यानं ते दिलं. म्हणजे कमी पैसे होते, फुकट नव्हतं, तास मोजलेले होते. आणि १९८३ मध्ये कंपनीनं तिला बोलावून शेअर दिले आणि हिऱ्याची अंगठी दिली, स्वूश, म्हणजे तिनं काढलेली तीच खूण, कोरलेली. हा दुसरा अर्धा भाग फॉरवर्डमध्ये कधीच नसतो.

फुकट दिलेला मोठा लोगो पाहिजे असेल तर मिल्टन ग्लेझर या डिझायनरचा आहे, १९७७ चा, आय, मग लाल बदाम, मग एनवाय. न्यूयॉर्क त्याचं स्वतःचं शहर, तेव्हा अडचणीत होतं, त्यानं पैसे घेतले नाहीत. पण ते त्यानं ठरवलं. कोणी त्याला म्हटलं नाही की तीन अक्षरं तर लिहायची आहेत.

बाबांचं सक्करदऱ्याला टेलरिंगचं दुकान होतं. दर दिवाळीला ते दोन-तीन घरच्या पोरांचे शर्ट शिवून द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत, कोणाचे ते त्यांनाच माहीत, घरी सांगत पण नव्हते. आणि त्यांचा अगदी जवळचा मित्र एकदा म्हणाला की शिलाई काय घेतो बे माझ्याकडून, तेव्हा बाबांनी कापड घडी करून त्याच्या हातात परत दिलं होतं. मी तेव्हा दुकानात बटणं लावत बसलो होतो. तो मित्र दुसऱ्या दिवशी परत आला, शिलाई देऊन गेला, पुढे बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला तो होता.

१९ एप्रिल

पारा ४४ च्या आसपास, कूलर गरम हवा फेकून राहिला, आणि दुपारी दोनला दोस्ताचा फोन, ये लवकर सीताबर्डीला, प्रेसवर, तुझ्या फाईलमध्ये प्रॉब्लेम आहे.

गेलो तर १,००० स्टिकर छापून तयार. मी अजून फायनल फाईल दिलेलीच नव्हती. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली जेपीजी, १३ तारखेची, कलशवाली, प्रेसवाल्याला देऊन टाकली, अक्षय तृतीयेच्या आधी पाहिजे म्हणून घाई. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दाबून छोटा होतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा केसाळ आल्या. भडक केशरी स्क्रीनवर उजेडाचा असतो, छपाईच्या चार शायांमध्ये तो रंग बसतच नाही, म्हणून विटकरी-तपकिरी आला, वाळलेल्या कुरोडीच्या शेजारी ठेवला तर माल जुना वाटतो. तारा सगळ्या बुजल्या. आणि सगळ्यात वाईट, खाली एफएसएसएआयचा, म्हणजे खाण्याच्या मालाच्या परवान्याचा, १४ आकडी नंबर वाचताच येत नाही, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका काळपट. खाण्याच्या वस्तूवर हे दोन्ही स्वच्छ दिसावंच लागते, हे स्टिकर लावून माल विकताच येत नाही.

प्रेसवाले काका शांतपणे म्हणाले, "आम्ही तर म्हटलं होतं भाऊ, कोरलची फाईल आणा, कर्व्ह करून." म्हणजे डिझाईनच्या सॉफ्टवेअरमधली मूळ फाईल, अक्षरांचे आकार करून टाकलेली. १,८०० रुपये गेले.

दोस्त सगळ्यांसमोर म्हणाला, "तू नीट दिली असती तर कशाला झालं असतं, फुकटात केलं म्हणून लक्ष नाही दिलं तू."

मी गाडीला किक मारून निघून आलो. तास : ३.

२० एप्रिल

काम बंद. आई म्हणते सोड नं, दोस्त आहे, पैशासाठी भांडतात का. पैशासाठी भांडलो नाही हे तिला कसं सांगू कळत नाही. लक्ष दिलं नाही हे वाक्य जात नाही डोक्यातून. ल चे २३ प्रकार समोर भिंतीवर चिकटवलेले आहेत.

२४ एप्रिल

सकाळी वहिनींचा फोन. स्वतःच्या नंबरवरून, पहिल्यांदाच.

म्हणाल्या, "भाऊजी, यांनी काय केलं ते मला काल कळलं. मला तुमची पहिली फाईल पण यांनी दाखवली नव्हती, आत्ता बघितली, सासूबाईंना दाखवली." मग थोडं थांबून, "तुमचे किती तास झाले याच्यात?"

मी ही नोंद उघडून वाचून दाखवली. अडीच, ९, २, ६, ३. साडेबावीस. त्या गप्प राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते जवळजवळ तसंच लिहितो. मागच्या वर्षीपर्यंत नणंदेला दोन किलो, मावससासूला एक किलो, दोस्तांच्या घरी पाव पाव किलो असं सगळ्यांकडे जायचं, घरचंच तर आहे म्हणून. कोणी म्हटलं नाही की गव्हाचे घे, गॅसचे घे. एका वर्षी ११ किलो असंच गेलं. आणि एका बाईनं वरून सांगितलं की यंदा मीठ जरा जास्त झालं हो. "ते ऐकलं नं भाऊजी, त्या दिवशी ठरवलं की आता पॅक करून भाव लिहून विकायचं."

त्यांनी विचारलं तुम्ही बाकीच्यांकडून किती घेता. १२,००० सांगितले, लपवलं नाही. म्हणाल्या एवढे मला या सीझनला जमत नाहीत, पण फुकट नाही पाहिजे. मी ७,५०० म्हटलं, तीन हप्ते, हे मी ठरवलं, माझ्या खुशीनं, आणि तसं लिहून पाठवलं, की मूळ भाव १२,०००, तुमच्यासाठी ७,५००, दोन वेळा बदल, हो किंवा नाही फक्त वहिनी सांगतील, फायनल फाईल माझ्याकडूनच प्रेसवर जाईल. त्यांनी अर्ध्या तासात "मंजूर" लिहून पाठवलं. फोन ठेवायच्या आधी म्हणाल्या तुमच्या घरी दोन किलो कुरोड्या पाठवते. मी म्हटलं एक किलो पाठवा, जो भाव लिहिला आहे त्या भावानं. त्या म्हणाल्या ४२०. गुगल पे केले.

साडेतीन आठवड्यांत पहिल्यांदा या कामाबद्दल छाती मोकळी वाटली.

२६ आणि २७ एप्रिल

पुन्हा नंदनवन, पुन्हा सकाळी गच्चीवर. पहिल्या पर्यायाचं प्रिंट खऱ्या मापात काढून नेलं होतं, पाऊचवर चिकटवून दाखवलं. वहिनींनी हातात धरून खूप वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे. पण कुरोडी अशी नसते."

मी म्हटलं कशी असते. त्यांनी सोऱ्या उचलला, चीक भरला आणि माझ्यासमोर एक घातली, हळू. आधी बाहेरून गोल, मग आत आत, आणि शेवटी सोऱ्या झटक्यानं उचलत नाहीत, मनगट थोडं आत वळवून तार मधे सोडतात, शेवट आत दडपला जातो. "बाहेर शेपटी राहिली तर वाळल्यावर तिथून मोडते, पाऊचमध्ये चुरा होतो." माझ्या चित्रात शेवट बाहेर लोंबत होता, मला ते डौलदार वाटलं होतं. १७ जणांपैकी एकालाही हे दिसलं नाही, मलाही दिसलं नाही, मी तर वरून फोटो काढून नेला होता.

रात्री बसलो. शेवट आत घेतला. आत घेतल्यावर बाहेरची एक तार निरर्थक झाली, काढून टाकली, पाचाच्या चार राहिल्या, आणि त्या आत वळलेल्या शेवटाचा आकार आणि ल च्या पाकळीचा आकार एकसारखा आहे हे दिसलं, तेव्हा मी उठून पाणी पिऊन आलो आणि पुन्हा बघितलं, होतंच तसं. मग ल ची डावी पाकळी आणि कुरोडीचा शेवट एकाच वळणात ओढले. चिन्ह अक्षराच्या बाजूला ठेवायची गरजच राहिली नाही, ते ल मध्येच आलं.

रंग चार शायांत बसणारा घेतला, हळदीकडे जाणारा पिवळा आणि गडद जांभळट तपकिरी. लोगो दीड सेंटिमीटरला वाचता येतो, बिलबुकावर एका रंगात टिकतो. वहिनींनी एकच बदल सांगितला, वजन मोठं लिहा, सासूबाईंना दिसत नाही. केला. मंजूर.

तास : ५. आता एकूण साडेसत्तावीस.

फाईल मी स्वतः घेऊन प्रेसवर गेलो, कर्व्ह करून. काकांनी आधी एक नमुना काढला, उन्हात नेऊन बघितला, मग मशीन सुरू केली.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. पहिले ६० पाऊच तयार, देवासमोर ठेवलेला फोटो वहिनींनी पाठवला. सोबत पहिला हप्ता, २,५००. दोस्ताचा मेसेज नाही.

८ मे

कागदाचं काम. वहिनी ट्रेडमार्क करून घेणार आहेत, एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० आहे. त्यांच्या वकिलांनी विचारलं की लोगो कोणी केला आणि तुमच्याकडे त्याचं काही लेखी आहे का.

लोगो लेखी करून द्यावा लागतो हे मला माहीत होतं, तरी दोस्तांच्या एकाही कामात मी ते केलं नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साधारणपणे चित्र ज्यानं काढलं तो पहिला मालक, आणि ते दुसऱ्याला द्यायचं तर लेखी पाहिजे, सहीसकट, तोंडी चालत नाही. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, कुठपर्यंत ते लिहिलं नाही तर भारतापुरतं. म्हणजे दोस्तीत "घे रे" म्हणून दिलेला लोगो कागदावर दोस्ताचा होतच नाही, उद्या त्याचा धंदा वाढला की त्यालाच अडचण. जिमवाल्याला पण हे सांगावं लागेल.

एका पानाचं पत्र केलं, पूर्ण मुदत, सगळीकडे, शेवटचा हप्ता आला की लागू. सही करून दिलं. तास : १.

१८ मे

दोस्त आला. न सांगता, दुपारी, रुमाल बांधून, भर उन्हात गाडीवर. आईनं पन्हं दिलं. बराच वेळ आयपीएलबद्दल बोलला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "हे सगळे ल आहेत का बे?"

हो म्हटलं. तो उठून जवळ गेला आणि एकेक बघायला लागला. अकराव्यावर बोट ठेवून म्हणाला हा काहून नाही घेतला, चांगला आहे की. मी सांगितलं का नाही, पाकळी खाली जड होते, छोटा केला की गोळा दिसतो. मग चौदावा. मग सतरावा. पाऊण तास आम्ही भिंतीसमोर उभं राहून ल बद्दल बोललो. इतकी वर्षं तो मला ओळखतो आणि मी नेमकं काय करतो हे त्यानं पहिल्यांदा विचारलं, आणि मीही त्याला आधी कधी दाखवलं नव्हतं, तयार झालेलं तेवढं पाठवायचो.

प्रेसवर जे बोलला त्याबद्दल जाताना दारात म्हणाला, चुकलं माझं. मी म्हटलं पहिल्या दिवशीच मी बोलायला पाहिजे होतं, पोह्यांवर. दुसरा हप्ता त्याच्याच हातानं दिला, पाकिटात, वर वहिनींच्या अक्षरात "२/३".

१० जून

तिसरा हप्ता आला. पत्र लागू झालं, तसं वहिनींना लिहून कळवलं. एकूण साडेअठ्ठावीस तास.

डेंटल क्लिनिकनं पुढचं काम दिलं नाही. त्यांना मी उशीर केला तो केलाच, फोन करून माफी मागितली होती, त्यांनी नीट बोलून ठेवून दिला.

काल जिमवाल्याचा फोन आला होता, दुसरी ब्रँच उघडतो आहे, बोर्डासाठी लोगोत थोडा बदल पाहिजे. त्याला भाव सांगितला आणि कागदाचं पण सांगितलं. म्हणाला बघून सांगतो. अजून सांगितलं नाही.

मानेवाड्याच्या एका किराणा दुकानात पाऊच टांगलेले दिसले, दारापाशी, उन्हात. दोन महिन्यांपूर्वी जिथे नुसत्या प्लास्टिकच्या थैल्या असायच्या तिथे. पाऊच दुमडतात तिथे हिरवा ठिपका अर्धा लपतो आहे. पुढच्या लॉटला स्टिकर ४ मिलिमीटर वर घ्यायचा, वहिनींना आणि प्रेसवर दोन्हीकडे कळवलं.